शेजारच्या घरातून काढलेला फोटो
कपाट उघडलं, की कॅमेऱ्याच्या त्या लेन्सच्या कातडी पिशवीचा कुबट वास अजून येतो. बडोद्यात तेव्हा मला मोटारसायकलींच्या शर्यतींचं वेड लागलं होतं. दुकानदार घरगुती, छोटी लेन्स पुढे करत असताना मी लांबचं जवळ आणणारी ही उचलली आणि घरी जाहीर केलं, "शर्यतीला आणि घरालाही हीच चालेल." बायको म्हणाली, "अहो, घरात कोण एवढं पळतंय?" बाबांच्या पंच्याहत्तरीला सुभानपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच सगळी भावंडं जमली, सगळ्यांचा एकत्र फोटो निघायलाच हवा होता, आणि लेन्समध्ये मावले फक्त बाबा, तेही अर्धे. मागे सरकत मी जिन्यापाशी आलो, तरी दोन मेहुणे बाहेरच. "दादा, पार पुढच्या गावाला, करजणला जाऊन काढ!" धाकटा ओरडला. तेवढ्यात समोरच्या बेननी दार उघडलं. "अंदर आवो ने भाई, चा पण मूकुं छुं," म्हणत त्या चहा ठेवायला वळल्याही. दोन्ही दारं सताड उघडी ठेवून मी त्यांच्या सोफ्याला टेकलो, तेव्हा कुठे सगळे लेन्समध्ये मावले. तिथून माझं "हसा!" कुणाला ऐकूच गेलं नाही. मी बटण दाबलं तेव्हा आई टोपी तिरकी घातल्यावरून बाबांना रागवत होती आणि बाबा लाजून हसत होते. शर्यतींच्या फोटोंत नुसती धूळ आली. भिंतीवर हा एकच आहे, आणि पाहुण्यांना मी सांगतो, लेन्स पूर्ण विचार करूनच निवडली होती.