गैरमुलकी

परवा केजच्या कचेरीत माझी चांगलीच गंमत झाली. तिथल्या शाळेत मास्तरची जागा निघाली होती. उर्दू आणि मराठी दोन्ही येणारा माणूस हवा होता, म्हणून मी अर्ज घेऊन गेलो.

पेशकारांनी कागद चाळले आणि लाल शाईनं वर एकच शब्द लिहिला... गैरमुलकी. म्हणजे परक्या मुलखातला. अशाला निजाम सरकारची नोकरी नाही.

आता सांगा, आमच्या सात पिढ्या मांजरसुंब्याजवळच्या मातीत गेल्या. पण माझा जन्म झाला जामखेडकडे, आईच्या माहेरी, आणि तिथं पडते इंग्रजांची हद्द. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल... पेशकार लखनौहून येऊन चारच वर्षं झालेली, त्यांना कोण सांगणार.

डोकं फिरलं होतं. तसाच माझ्या जुन्या उस्तादांकडे, मौलवीसाहेबांकडे गेलो आणि विचारलं, हा शब्द आला तरी कुठून?

"अरबस्तानसे आया, बेटा," ते म्हणाले. "मुल्क बी उधरका, गैर बी उधरका. उनसे दाखला कौन पूछा?"

मी हसलो. घरी येऊन सगळं सांगितलं, तर आई कपाळाला हात लावून बसली. "म्या माहेरी गेलते म्हणून तुजं वाटोळं झालं रं," एवढंच म्हणाली.

माझ्या बायकोला सातवा लागलाय, पहिलटकरीण आहे. तिचं माहेरही जामखेडकडेच. काल सासरे तिला न्यायला आले, बैलगाडीत जाड गादी अंथरून.

महिनाभर सुनेची बांधाबांध करणारी माझी आई दारातच आडवी आली. "न्हाई धाडायची. लेकरू हितंच होऊ द्या."

सासऱ्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, तशीच गाडी वळवली. बायकोनं आत जाऊन गाठोडं सोडलं आणि लुगडी परत दांडीवर टाकली.

मी ओसरीवरच होतो. एक शब्द बोललो असतो तर ती आज तिच्या आईजवळ असती. पण आपलं पोर मुलकी निघावं असं मलाही वाटत होतं... आणि याची लाज मला त्या लाल शाईपेक्षा जास्त वाटते.