बाबांच्या आवाजातलं खोटं गाऱ्हाणं

आमच्या लालबागच्या चाळीत गणपतीसमोर गाऱ्हाणं घालायचं ते बाबांनीच. डोळे मिटून ते एकेक मागणं मागायचे आणि प्रत्येक मागण्यापाठोपाठ अख्खी चाळ म्हणायची, "होय म्हाराजा." दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. तेव्हापासून ते गॅलरीतल्या खुर्चीत असतात. दुपारचं ऊन कठड्यावरून त्यांच्या पायांवर येतं, मग मांडीवर, मग हळूच निघून जातं.

अशाच एका दुपारी चाळीच्या ग्रुपवर त्यांचा व्हिडिओ आला. कपाळाला गंध, हात जोडलेले. "बा म्हाराजा, बिल्डरच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या होऊ देत, लेकराबाळांक टॉवरात घरां मिळू देत." आवाज बाबांचाच. मध्येच श्वास घ्यायची लकबसुद्धा तीच. मी भाजी चिरायची थांबले. क्षणभर वाटलं, आपला डोळा लागलाय आणि बाबा बरे झालेत. समोर खुर्चीत बाबा गप्प बसले होते.

व्हिडिओखाली तोवर उत्तरांची रांग लागलेली: होय म्हाराजा, होय म्हाराजा. बाबांना रोज येता-जाता बघणारी माणसं ही. काय डोकं गहाण ठेवलंय काय यांनी? कुणीतरी गणपतीच्या जुन्या शूटिंगवरून हा डीपफेक, म्हणजे कॉम्प्युटरवर घडवलेला नकली व्हिडिओ, बनवला होता.

मी आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब म्हणाले, "राज्याचा वेगळा कायदा येईल तेव्हा येईल. आहे त्या कायद्यातही बनवणारा सुटत नाही आणि खोटं माहीत असून पसरवणाराही नाही. ज्यांचा आवाज आहे त्यांचा तक्रारीवर अंगठा आणा. तुमच्याकडून कुठे पुढे गेलाय?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाली, "मी गावाक पाठवलंय. सगळ्यांका."

"खोटा आहे हे ठाऊक असून?"

"आवाज त्यांचोच होतो."

साहेबांनी आईचा फोन मागून घेतला. मग पुराव्यासाठी प्रत घेतली आणि म्हणाले, "आता पुसून टाका, मावशी."

आई पुसेना. रोज दुपारी फोन कानाशी धरून ती स्वयंपाकघरात बसायची, डोळे मिटून. अंगठ्याविना तक्रारीचा कागद तसाच पडलेला. मी तोंडाळच, शेवटी बोलले, "कुणीतरी चोरलाय तो आवाज, आई. चोरीचा माल कवटाळून बसलीयस."

"दीड वर्षात माका कोणी 'गो' म्हणून हाक मारूक नाय," ती म्हणाली. माझी मलाच लाज वाटली.

आणि मग लक्षात आलं, बाबांना आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. व्हिडिओ त्यांना दाखवलाही नव्हता. आईनेच उठून फोन त्यांच्यासमोर धरला. ऊन त्यांच्या मांडीवर आलं होतं. त्यांनी तो पूर्ण ऐकला, पुन्हा लावायची खूण केली, पुन्हा ऐकला. मग डाव्या हाताने फोन आईकडे सरकवला.

"अहो, पुसू?" आईने विचारलं.

बाबांचा जबडा कितीतरी वेळ हलत राहिला. गळ्यातून घरघर आली, मग फाटका, ओला, परक्या कुणाला कळणार नाही असा एक शब्द. "व्हय."

आईने व्हिडिओ पुसला. फोन बाजूला ठेवून ती त्यांच्या पायांशी बसली.

"परत म्हणा बघू," ती म्हणाली.