डाव्या सीटवरचे मिस्त्री

काशिनाथ मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना शिकवायला गेलो होतो. धाटावच्या एका कंपनीत मी फिटर होतो आणि हौसेने एक जुनी गाडी घेतली होती. ती रोह्यातून निघाली की काही अंतर झकास जायची, मग आचके देऊन बंद पडायची, आणि जरा वेळ थांबलं की काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू व्हायची. एका गॅरेजात पेट्रोल पंप बदलून झाला, दुसऱ्यात कार्ब्युरेटर खोलून झाला. गाडीने आपला हेका सोडला नाही. तेव्हा कोणीतरी धाटाव रस्त्यावरच्या या गॅरेजचा पत्ता दिला.

मी उतरता उतरताच म्हणालो, "पंप गेलाय. नवा टाका."

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "औषध सांगायला आलात, का दुखणं?"

मला राग आला. पण ते डावीकडचं दार उघडून आत बसलेसुद्धा. "चला. जिथं बंद पडते तिथं न्या," एवढंच म्हणाले. बॉनेटला त्यांनी हातही लावला नव्हता. निडी गावाच्या अलीकडे गाडी नेहमीप्रमाणे बंद पडली. मी बॉनेट उघडायला धावलो, तर हे मागे गेले आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून आवाज झाला. "आता मारा स्टार्टर." गाडी एका दमात सुरू झाली.

झालं होतं असं, की झाकणाचं रबर गेल्यामुळे पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून मी झाकणाखाली दुधाची रिकामी पिशवी घट्ट बसवली होती. पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत वरून हवा यावी लागते. ती वाटच मी बंद करून टाकली होती. थांबलं की कुठून तरी थोडी हवा झिरपायची आणि गाडी पुन्हा चालायची. मिस्त्रींनी ती पिशवी तळहातावर घेतली, नीट घडी केली आणि म्हणाले, "पावसापासून जपलीत, चांगलं केलंत. फक्त तिला वरून थोडी हवा लागते." पिशवी कोणी लावली, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पुढे कंपनीने आमची शिफ्ट बंद केली तेव्हा मी त्यांच्याकडेच गेलो. "फिटरला काय शिकवायचं?" असं म्हणत त्यांनी मला बरीच वर्षं शिकवलं. आज पेणला रामवाडीत माझं स्वतःचं गॅरेज आहे. त्यांच्या शिष्यांमध्ये सगळ्यात भांडखोर मीच. त्यामुळे त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात मला जागा मिळाली, याचं अनेकांना आश्चर्य वाटेल.

मिस्त्रींची कामाची पद्धत आमच्या धंद्यात वेडेपणाची समजली जाते. गाडी आली की आधी बॉनेट उघडायचं नाही. मालकाला चालवायला लावायचं आणि आपण डाव्या सीटवर बसायचं. मी एकदा वैतागून म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही चालवून बघा ना, पटकन कळेल." ते म्हणाले, "मी चालवली तर ती माझी गाडी व्हते. बिघाड त्यांच्या गाडीत हाय." जुनी गाडी मालकाच्या हाताला आणि सवयींना इतकी मुरलेली असते, की दोघांना एकत्र पाहिल्याशिवाय दुखणं सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यावर पुष्कळ वाद घातले आणि सगळे हरलो.

एकदा आतल्या गावातला एक भाताचा शेतकरी आपली जुनी जीप घेऊन आला. "मिस्त्री, गाडी लय तापते. पानी भरलाय, तरी तापते. इंजिन बांधायला लागंल काय?" इंजिन बांधायचं म्हणजे सगळं खोलून पुन्हा उभं करायचं. त्याने तेवढी तयारी ठेवली होती. मिस्त्री त्याच्याबरोबर त्याच्या शेतापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी रेडिएटर उतरवला आणि आतल्या बाजूने पाण्याचा पाइप धरला. जाळीतून पेंढ्याचा भुसा येतच राहिला. तो जीपमधून पेंढा वाहायचा आणि मळणीच्या जागेवरच गाडी उभी करायचा. हवा शिरायला जागाच उरली नव्हती. इंजिन जसंच्या तसं राहिलं. त्या दिवशी एका कंपनीचे साहेबही रांगेत होते. त्यांना घाई होती. मिस्त्रींनी त्यांना चहा दिला आणि जीप पुरी होईपर्यंत बसवून ठेवलं.

त्यांना नव्याचा तिटकारा आहे, असं मात्र कोणी समजू नये. सत्तरीत त्यांनी स्कॅनर घेतला. गाडीला जोडला की तो पडद्यावर बिघाडाचा नंबर दाखवतो. आम्हाला वाटलं, आता डावी सीट सुटली. पण स्कॅनर घेऊनही हे डाव्या सीटवरच. "हापण औषध सांगणारा गिऱ्हाईकच हाय," असं ते त्या यंत्राकडे बघून म्हणायचे. ते त्याचं ऐकून घ्यायचे आणि मग वायर तपासायचे. पुष्कळदा सेन्सर ठीक असायचा, गंजलेली असायची ती अर्थिंगची वायर. खाडीकडच्या गाड्यांना तर ते दुखणं ठरलेलंच. वायर घासून बसवली की दिवे लख्ख आणि स्टार्टर खणखणीत.

आता बाईंची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. निडीच्या बाजूच्या एक मुख्याध्यापिका निवृत्तीनंतर गाडी शिकल्या. त्यांच्या गाडीची क्लच प्लेट सारखी जळायची. प्लेट जळली की इंजिन ओरडतं, गाडी पुढे सरत नाही आणि करपल्याचा वास येतो. दोन ठिकाणी त्यांना ऐकवलं गेलं होतं की या वयात कशाला हे उद्योग. मिस्त्री त्यांच्या डावीकडे बसून भिसे खिंड चढून आले. मग प्लेट बदलली आणि क्लचच्या पेडलशेजारी, पाय टेकेल असा लाकडाचा एक ठोकळा स्क्रूने बसवला. बाईंना म्हणाले, "ह्या मॉडेलला हे लागतं. कंपनीनं द्यायचं राहिलंय. गियर टाकून झाला की पाय ह्यावर ठेवायचा."

बाई गेल्यावर मी म्हणालो, "सरळ सांगायचं ना, की तुमचा पाय सारखा क्लचवर असतो म्हणून प्लेट जळते."

मिस्त्री म्हणाले, "सांगितलं असतं तर पाय उचलला असता. पण गाडी चालवायची सोडली असती."

बाईंनी गाडी सोडली नाही. पेणला लेकीकडे त्या स्वतः चालवत येत राहिल्या.

गेल्या वर्षी मिस्त्रींच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते उत्तम झालं. डॉक्टरांनी चालायला आणि गाडी चालवायला मोकळीक दिली. मिस्त्रींची स्वतःची गाडी आम्हा सगळ्यांच्या आधीपासूनची आहे आणि तिच्यावर त्यांनी दुसऱ्याचा हात कधी पडू दिला नव्हता. ऑपरेशननंतर ती खिंडीत ओढेना. गाडीखाली वाकता येईना, म्हणून पहिल्यांदाच त्यांच्या गॅरेजातल्या पोरांनी क्लच प्लेट बदलून दिली. थोड्याच दिवसांत तीही जळली. मिस्त्रींनी स्वतःच निदान केलं, की प्लेट जिच्यावर बसते ती फ्लायव्हीलची चकती गेली, गियरबॉक्स गेला, आता पार्ट मिळत नाहीत. नोंदणीचं नूतनीकरणही आलं होतं. गाडी भंगारात द्यायची आणि गॅरेजला कुलूप लावायचं, असं त्यांनी घरात जाहीर करून टाकलं.

काकींचा मला फोन आला. काकी म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. "तू येतोस का नाय? भंगारवाला येऊन गाडी बघून गेलाय. ती गेली तर हे घरात बसतील. बसले म्हंजे संपलं रे." एवढं बोलून त्या रडल्या. मी गॅरेज तसंच टाकून रोह्याला निघालो. वाटेत सारखं वाटत होतं, की गियरबॉक्स खरंच गेला असेल तर मी काय तोंड दाखवणार आहे.

मिस्त्री ओटीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "कशाला आलास? ती थकली. मीपण थकलो."

मी म्हणालो, "औषध सांगू नका, मिस्त्री. दुखणं सांगा." मग डावीकडचं दार उघडून आत बसलो.

त्यांच्या डावीकडे आजवर कोणी तपासायला बसलं नव्हतं. थोडा वेळ ते बाहेरच उभे राहिले. मग आले, चावी लावली आणि आम्ही भिसे खिंडीकडे निघालो. मी इंजिनाकडे कान देऊन होतो. चढ लागला, इंजिन ओरडू लागलं, वास आला. गियरबॉक्सचा आवाज मात्र स्वच्छ होता. तेव्हा मी खाली पाहिलं. मिस्त्रींचा डावा पाय क्लचवर टेकलेला होता. ऑपरेशनचा गुडघा अधांतरी धरून दमत असावा, म्हणून पाय आपोआप पेडलवर विसावत होता, आणि त्यांना ते जाणवतही नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय बघितलेल्या माणसाला स्वतःचा पाय बघायला डावी सीट मिळाली नव्हती. या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

परत आल्यावर म्हणालो, "गाडी आजच्या दिवस माझ्याकडे." त्यांनी नाही म्हटलं नाही, हेच मला मोठं वाटलं. त्याच पोरांच्या मदतीने नवी प्लेट टाकली. फ्लायव्हील हात फिरवून पाहिलं, ते चांगलं होतं. मग गॅरेजातल्या सागाच्या फळीचा एक तुकडा कापला, पायाला टोचू नये म्हणून कडा घासल्या आणि क्लचच्या शेजारी बसवला.

संध्याकाळी मिस्त्री गाडीत बसले. मी पुन्हा डावीकडे. म्हणालो, "मिस्त्री, ह्या मॉडेलला हे लागतं. कंपनीनं द्यायचं राहिलंय."

त्यांनी ठोकळ्याकडे पाहिलं. मग हळूच पाय उचलून त्यावर ठेवला आणि म्हणाले, "बाईंनापण कळलं व्हतं. दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन आल्या व्हत्या. मी इचारलं, कशाचे? तर म्हणाल्या, असेच." आणि मिस्त्री हसले. डोळे पुसत हसले. मग खिंड चढून गेले ते तिसऱ्या गियरमध्ये, इंजिनचा आवाज न वाढू देता.

भंगारवाल्याला काकींनी चहा देऊन परत पाठवलं. नोंदणीचं काम झालं. गॅरेज सकाळी उघडतं आहे. हा प्रसंग लिहू का, असं मी मिस्त्रींना विचारलं होतं. ते म्हणाले, "लिही. फक्त मॉडेलचं नाव लिहू नको. कंपनीला उगाच वाईट वाटंल."

मिस्त्री, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, असं सगळे म्हणतीलच. मी फिटर माणूस, मी नेमकं मागतो. तुमचा गुडघा मजबूत राहो, खिंड तुम्हाला नेहमी तिसऱ्या गियरमध्ये मिळो, आणि काकींना पुन्हा कधी फोनवर आवाज चढवावा न लागो. पेणला होणाऱ्या पंचाहत्तरीच्या समारंभाला तुम्हाला आणायला गाडी पाठवायची, असं समितीत ठरत होतं. मी सांगितलं, पाठवू नका, ते स्वतः चालवत येतील. मी आदल्या दिवशी रोह्याला मुक्कामाला येतो आहे. येताना पेढे आणतो. कशाचे, ते विचारू नका.