सुपरवायझर घरात का आला नाही?

सौदीतल्या माझ्या खफजीकर मराठी मंडळींनो, आज सकाळी घडलेलं सांगते. आमचं कंपनीचं घर बरंच जुनं आहे. एसीच्या गळतीने हॉलच्या दाणेदार छताचे पोपडे पडायला लागले, म्हणून मेंटेनन्सवाले आले.

प्लास्टरचं काम करणारे इस्माईलभाई आपल्या श्रीवर्धनकडचे. तोंडाला साधा रुमाल बांधून ते शिडीवर चढले आणि छत पाणी न मारता कोरडंच खरवडू लागले.

त्यांचा सुपरवायझर मात्र दाराबाहेरच उभा, तोंडावर फिल्टरवाला जाड मास्क. चहाला बोलावलं तरी आत येईना. मला शंका आली; अशा जुन्या छतांत ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सर होऊ शकतो.

"भाईसाब, इसमें ॲस्बेस्टॉस तो नहीं है ना?"

"नहीं मॅडम, सिर्फ धूल है."

"फिर अंदर आइए ना."

तो मोबाइल बघत बसला.

मी इस्माईलभाईंना खाली उतरवलं आणि हॉल बंद केला. नवऱ्याने ऑफिसला फोन करून, तपासणीशिवाय काम नको, असं सांगितलं. ऑफिसवाले नमुना तपासायला पाठवू म्हणाले. पाठवतील यावर माझा विश्वास नाही.

निघताना इस्माईलभाई हळूच म्हणाले, "भाभी, तुमच्याकडचं थांबलं, पण मला आता मागच्या गल्लीत पाठवतायत. तिथलं छतपण असलंच हाय."

"मग नाही म्हणा ना."

"माझा इकामा त्यांच्या हातात हाय, भाभी. तो रद्द केला तर इथं राहताच येणार नाय."

मागच्या गल्लीतल्यांनो, आज कोणाकडे छताचं काम चालू आहे? इस्माईलभाईंना आधी शिडीवरून खाली उतरवा आणि मला फोन करा. मी येते.