बिननावाची स्लाइड

स्लाइडकाकांना इस्पितळाच्या तपासणी-विभागात एकतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एक गुन्हा कधी कुणाला माफ केला नव्हता: नाव न घातलेली स्लाइड. काचेच्या खरबरीत टोकावर पेन्सिलीनं नाव आणि नंबर नसेल, तर ती डॉक्टरबाईंच्या टेबलावर जायची नाही, थेट खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात जायची. "नाव नाही तर माणूस नाही," हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. शिकाऊ डॉक्टर त्यांना टरकून असत. घरी स्वतःचा चष्मा सापडायला त्यांना बायको लागायची, ते सोडा.

मुलाला मुलगी झाली. जन्मली तेव्हा डोक्यावर नुसती लव होती. पाचव्या महिन्यात केस भरले ते चक्क रुपेरी, पापण्यासुद्धा तशाच. शेजारणी तिला चांदीची बाहुली म्हणू लागल्या. बायको म्हणाली, "आजीच्या आधी नातच पिकली की हो!" सगळे हसले. काका मात्र हसले नाहीत.

कारण डॉक्टरबाईंचं एक व्याख्यान ते दरवर्षी ऐकत. दाखवायच्या स्लाइड लावायचं काम त्यांचंच. बाई सांगायच्या, पेशीत माल इकडून तिकडे जातो तो इवल्याइवल्या पिशव्यांतून. पिशवी तयार असते, वाट असते, ओढणारा असतो. पण पिशवीवर एक छोटंसं प्रथिन बसल्याशिवाय ओढणारा तिला हात लावत नाही. हे प्रथिन चालू होतं, पिशवी मुक्कामाला लागते, मग ते बंद होतं. प्रत्येक वाटेचं प्रथिन वेगळं. त्यातलं एक बिघडलं तर केसांच्या रंगाच्या पिशव्या वाटेत तुंबतात आणि केस चंदेरी होतात. "दिसायला छान," बाई म्हणायच्या, "पण तेच प्रथिन आपल्या लढणाऱ्या पेशींतही असतं. त्यांची विषाची पिशवी भिंतीपर्यंत येते आणि तिथंच अडते, उघडत नाही. साधा विषाणू मरत नाही. मग लढणाऱ्या पेशी नुसत्या पेटत राहतात आणि शरीरच जाळायला लागतात. आधी कळलं तर दुसऱ्याच्या हाडातली अस्थिमज्जा देऊन मूल वाचवता येतं. तापानंतर कळलं तर फार अवघड." विद्यार्थी वहीत उतरवून घेत. काका मागं उभे राहून जांभया देत.

आता जांभई कुठली! त्यांनी नातीच्या कंगव्यातला एक केस कागदात घालून आणला आणि जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. निरोगी केसात रंग पिठासारखा बारीक पसरलेला असतो. इथं काळे गठ्ठे होते, लहानमोठे, आणि मधे सगळं रिकामं. काका स्टुलावर बसले ते सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत उठलेच नाहीत.

असे गठ्ठे दिसणाऱ्या आजाराचा एक प्रकार निव्वळ केसांपुरता असतो, हे त्यांना माहीत होतं. कुठला प्रकार ते रक्त तपासून कळलं असतं. बाईंचं दार दहा पावलांवर होतं. पण ती दहा पावलं त्यांच्यानं टाकवेनात. बोललो तर खरं होईल, अशी एक वेडी भीती मनात बसली होती. शेवटी त्यांनी पळवाट काढली. ती स्लाइड, नाव न घालता, बाईंकडे जाणाऱ्या सकाळच्या ट्रेमध्ये सगळ्यांत खाली सरकवली. बाई पाहतील, वाईट असेल तर आरडाओरडा करतील, नसेल तर विषयच संपला.

आरडाओरडा झाला नाही. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. बाई नेहमीसारख्या चहा पीत होत्या. काका त्यांच्या चेहऱ्याकडे चोरून बघत आणि थोडे थोडे सावरत. आठव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा नातीला उंच उचलून "माझी चांदीची बाहुली" म्हटलं. बायको चकितच झाली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला सुनेचा फोन आला. "बाबा, ताप एकशेतीनच्या खाली येत नाही. आणि पोट बघा ना, डाव्या बाजूला कडक लागतंय."

काका धावतच बाईंच्या खोलीत शिरले. "बाई, ती केसाची स्लाइड तुम्ही पाहिलीत ना? काही नव्हतं ना तिच्यात?"

"कुठली केसाची?"

उत्तर दिलं ते काकांच्या हाताखालच्या टेक्निशियन बाईंनी. त्यांची दहा वर्षं काकांच्या शिस्तीत गेली होती. "ट्रेमधली ना? तिच्यावर नाव नव्हतं काका. तुमचाच नियम. मी तेव्हाच डब्यात टाकली."

काकांनी डबा टेबलावर पालथा केला. दोन स्लाइड फुटल्या, बोट कापलं. ती सापडली. डॉक्टरबाईंनी ती सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि बराच वेळ डोळा वर काढला नाही.

"हे मूल कुठं आहे?"

"घरी. माझी नात आहे. ताप आहे तिला."

"किती दिवस झाले?"

"ताप आजच—"

"स्लाइडला किती दिवस झाले, काका?"

"नऊ."

बाईंनी फोन उचलला.

तासाभरात बाळ वॉर्डात होतं. टेक्निशियन बाईंनी रक्त काढलं आणि नळीवर नाव घातलं. काकांनी ते दोनदा वाचून पाहिलं. डॉक्टरबाईंनी सुनेला सगळं समजावलं. प्रकार बहुधा वाईटातलाच आहे. पेटलेल्या पेशी शांत करायचं औषध आत्ताच सुरू करतो. ते लागू पडलं तरच पुढं अस्थिमज्जेचं बघता येईल. दोन दिवस काहीच सांगता येणार नाही. मग बाई गेल्या.

सून बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी होती. तिचं रडून झालं होतं. ती हळूच म्हणाली, "बरं झालं बाबा, तुम्ही केस तपासलात. नाहीतर साधा ताप समजून बसलो असतो आपण. आज सकाळीच पाहिलात ना?"

'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. टेक्निशियन बाईही बोलल्या नसत्या. काकांना सुनेची भीती वाटली, बाळाच्या तापाइतकीच.

"नाही गं," ते म्हणाले. "नऊ दिवस झाले."

सुनेला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिनं बाळाला त्यांच्याकडच्या खांद्यावरून पलीकडच्या खांद्यावर घेतलं आणि त्यांच्याकडे पाठ केली.