हिरवी वायर कमी पडली

मीटरवर आकडा आला एकशे नव्वद.

मीटरची एक तार चक्कीच्या लोखंडी अंगाला लावली होती, दुसरी अंगणात ठोकलेल्या सळीला. चक्की बंद होती. घरातला एकही दिवा लागत नव्हता. तरी त्या अंगावर एकशे नव्वद व्होल्ट होते. मी मेन स्विच खाली ओढला आणि म्हणालो, "कुणी हात लावू नका."

महाडजवळच्या सव गावातली ही गोष्ट. चक्की शेवंताकाकीची. नवरा गेल्यापासून ती गावाची दळणं दळते. आदल्या दिवशी सकाळी वारा सुटला आणि दळणाच्या खोलीतला दिवा गेला. अंधारात चाचपडत तिने चक्कीच्या झाकणाला हात लावला. झटक्याने ती उंबऱ्यावर फेकली गेली आणि उजवं मनगट मोडलं. पायात चप्पल नव्हती, कारण त्या खोलीत चपला चालत नाहीत. पीठ म्हणजे अन्न, हा तिचा नियम. त्यात लादी नुकतीच पुसलेली. नियमातून सूट होती ती फक्त मला. "तू करंटवाला. तुला असू देत रे बूट," असं ती म्हणायची.

मी महाडच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर आहे. माझ्याकडे लायसन्स आहे, काम पुरं झालं की ते सुरक्षित असल्याची सही माझी असते. म्हणूनच काकीच्या मुलाने, अनिलने, मुंबईहून येताच मला बोलावून घेतलं होतं.

"सुनीलभाऊ, सिंपल हाय," अनिल म्हणाला. "महिन्यापूर्वी मिलिंदनं हा नवीन सॉकेट बसवला. त्यानंच फॉल्ट केलाय. मी पोलिस कंप्लेंट करणार."

मिलिंद अंगणातच उभा होता. बौद्धवाडीतला वायरमन, वयाने माझ्यापेक्षा मोठा. मी त्याला मिलिंददा म्हणतो. लायसन्स नाही, पण हात सफाईचा. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

मी बोर्ड उघडला. आत न्यूट्रल आणि अर्थ या दोन पट्ट्यांच्या मध्ये लाल वायरीचा बोटभर तुकडा होता. त्यावर पिवळी टेप. टेपचं टोक आत दुमडलेलं.

टेपचं टोक दुमडायची सवय माझी आहे. पुढच्या माणसाला सोलायला सोपं जावं म्हणून मी ते करतो. आमच्या तालुक्यात दुसरा कुणी असं करताना मी पाहिलेला नाही.

हा तुकडा तिथे कसा आला ते सांगतो. आमच्याकडे पूर ओसरला की भिंतीवर चिखलाची रेघ राहते. मग लोक त्या रेघेच्या दोन वीत वर बोर्ड नेतात. त्या वर्षी पुरानंतर मी दिवसाला चार-पाच घरांचे बोर्ड वर चढवत होतो. बोर्ड वर गेला की खालच्या वायरी तोकड्या पडतात, जोड द्यावा लागतो. काकीकडे लाल आणि काळीला जोड दिला. हिरवीची पाळी आली तेव्हा माझ्याकडची वायर संपली होती. महाडची दुकानं अजून चिखल उपसत होती.

घरात येणाऱ्या तीन वायरींचं काम साधं असतं. लाल म्हणजे फेज, तिच्यातून वीज येते आणि काळीतून, म्हणजे न्यूट्रलमधून, परत जाते. हिरवी म्हणजे अर्थ. तिच्यातून रोज काहीच जात नाही. चुकून यंत्राच्या अंगावर वीज आली तर तिला जमिनीत उतरायला ही वाट असते. ती वाट माणसाच्या अंगातून जाऊ नये, एवढ्यासाठीच ती असते.

काकीच्या बोर्डात मी हिरवी सोडून दिली आणि न्यूट्रललाच एक तुकडा लावून तो अर्थच्या पट्टीला जोडला. याला लूप म्हणतात. रोजच्या दिवसात लूप खपून जातो. चक्की फिरते, टेस्टर पेटत नाही, गिऱ्हाईक खूश. पण खांबावरचा न्यूट्रल सुटला की फेज दिव्यातून, फ्रिजमधून फिरून न्यूट्रलवर येते. तिथे परत जायला वाट नसते. मग ती लूपमधून थेट चक्कीच्या अंगावर. आदल्या दिवशी वाऱ्याने नेमकं तेच झालं. गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी पुरातच गेला होता. नवा बसवायचं मी नंतरवर टाकलं होतं.

"दोन दिवसांत येऊन पक्कं करतो," असं मी काकीला सांगितलं होतं. त्याला आठ महिने झाले.

"काय सापडला? मिलिंदचाच काम ना?" अनिलने विचारलं.

तोंड उघडायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "कुणीतरी लूप दिलाय. बघावं लागेल." आणि तो तुकडा काढून खिशात घातला.

मिलिंददाने माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि निघून गेला. 'कुणीतरी' हा शब्द मी आयुष्यात इतक्या निर्लज्जपणे कधी वापरला नव्हता.

रस्त्यावर येऊन मी शेठना, म्हणजे माझ्या कॉन्ट्रॅक्टरला, फोन लावला.

"शेठ, तो लूप माझाच आहे."

"कुणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलू नकोस. तुझ्या लायसन्सवर माझी कामं चालतात. मिलिंदकडे लायसन्सच नाही. त्याचं काय जाणार आहे?"

त्याचं काय जाणार ते मला संध्याकाळपर्यंत कळलं. सवमधूनच दोन फोन आले. "मिलिंदनं आमच्याकडे पण काम केलाय. तुम्ही येऊन एकदा बघून जा." माझ्या खोटेपणाची मलाच गिऱ्हाइकं मिळत होती.

सकाळी उठून बौद्धवाडीत गेलो. मिलिंददा पडवीत पंख्याची मोटर उघडून बसला होता.

"मिलिंददा, तो लूप..."

"तुझा हाय. म्हाईत हाय मला," तो वर न बघता म्हणाला. "टेप बघितली ना मी."

"काल?"

"सॉकेट बसवला तवाच. काढणार व्हतो. काकी बोलली, सुनील पक्का करून देणार हाय, त्याच्या कामाला हात लावू नको. म्हणून तुला फोन केला. तू बोललास, बघतो."

मला आठवलं. त्या दिवशी मी पोलादपूरकडे उमरठला एका इमारतीचं अर्थिंग करत होतो. तिथे हातभर खाली कातळ लागतो. घामाघूम झालो होतो. "बघतो, बघतो," म्हणून मी फोन ठेवला होता. सवची जमीन याच्या उलट. गरम पाण्याचे झरे असलेलं गाव ते, जमिनीला बाराही महिने ओल. तिथे अर्थिंगचा पाइप लोण्यात सुरी जावी तसा जातो. अर्ध्या दिवसाचं काम होतं. तेवढंही माझ्याच्याने झालं नव्हतं.

"मग काल सगळ्यांसमोर बोलला का नाहीस?"

आता त्याने मान वर केली. "मी बोललो असतो तर कोण ऐकणार व्हता? तुझ्याकडं लायसन्स हाय. तू बोलशील म्हणून उभा रायलो मी."

मला त्याच्या पडवीत बसवेना. "चल माझ्याबरोबर," एवढंच म्हणता आलं.

सवला पोचलो तेव्हा काकी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसली होती. अनिल होता. शेजारची दोन-चार माणसंही होती, ते एका परीने बरंच झालं. मी खिशातला तुकडा काढून तिच्यापुढे ठेवला. "काकी, हा लूप माझा. मिलिंददाने तुला सांगितलं होतं, मलाही सांगितलं होतं. मी आलो नाही. काल खोटं बोललो."

अनिल तोंडाला येईल ते बोलला. ते सगळं माझ्या वाट्याचंच होतं. काकी मात्र एवढंच म्हणाली, "आठ महिने मी सगळ्यांना सांगत व्हते रे. सुनीलनं केलाय, आता बघायला नको."

शिव्या परवडल्या असत्या.

"मी ह्याच्यावरच कंप्लेंट टाकतो," अनिल म्हणाला. मी कागद मागितला आणि 'हे काम माझं आहे' असं लिहून खाली सही करून दिली. काकी अनिलला म्हणाली, "कागद असू दे तुझ्याकडं. आधी त्याला खड्डा मारू दे."

खड्डा मी मारला, काम मिलिंददाने केलं. पाइप, भोवती मीठ आणि कोळसा, आणि तिथून बोर्डापर्यंत अखंड हिरवी वायर. मध्ये कुठेही जोड नाही. मग त्याने चक्कीचं अंग, पाण्याचा लोखंडी पाइप आणि खिडकीचे गज एका वायरीने एकमेकांना आणि अर्थला बांधून घेतले. याला बाँडिंग म्हणतात. एक हात चक्कीवर आणि दुसरा गजावर असला तरी दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं राहतं, मग हातांमधून वीज वाहत नाही. माझ्या मूळ कामात हेही नव्हतं. नवा ईएलसीबी बसला. लाइनमनने खांबावरचा न्यूट्रल घट्ट केला. अर्थ टेस्टरवर दोन ओहमच्या आत आकडा आला; हा आकडा जितका कमी, तितकी वीज जमिनीत सहज उतरते. अशी जमीन उमरठला मिळाली असती तर मी नाचलो असतो.

मी मेन चालू केला, मीटर लावला आणि काकीला दाखवला. "बघ, शून्य."

"तुझा मीटर राहू दे," काकी म्हणाली. "बूट काढ."

मी बूट काढले. मोजे काढले. तिने शेजारणीला सांगितलं, "लादीवर पाणी टाक गो." शेजारणीने तांब्याभर पाणी ओतलं. मी त्या खोलीत पहिल्यांदाच अनवाणी उभा राहिलो.

"आता हात लाव."

सगळं दोनदा तपासलं होतं. धोका काही नव्हता. तरी हात झाकणापासून वीतभर अलीकडे थांबला. काकी बघत होती. मिलिंददाही बघत होता. त्यानेच मग पुढे होऊन चक्कीवर हात ठेवला, तोही अनवाणीच होता. त्याच्यामागून मी ठेवला. काही झालं नाही.

कंप्लेंट झाली नाही. तो कागद अजून अनिलकडे आहे. शेठ महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. त्या पुरानंतर वर चढवलेले सगळे बोर्ड मी पुन्हा उघडले. आणखी तीन घरांत लूपवर दुमडलेल्या टोकाची टेप सापडली. तिन्ही ठिकाणी कारण सांगून माफी मागितली. सवमध्ये अजूनही काही जण मिलिंददाऐवजी मलाच फोन करतात. मी त्यांना त्याचा नंबर देतो.

मीटर आजही वापरतो. पण काम संपलं की बूट काढतो आणि यंत्राला हात लावतो. जिथे हात अडतो, तिथे सही करत नाही.