साडेनऊ सूत

सरकारने मला चार वर्षं एकच आकडा काढायला ठेवलं होतं, असं सांगितलं की घरातली पोरं हसतात. हसू देत. एक आकडा म्हणजे काही काम नव्हे असं त्यांना वाटतं. मलाही तेव्हा तसंच वाटायचं, आणि त्याचंच सगळं झालं.

अमरावतीतल्या एका सरकारी हापिसात मी ट्रेसर होते. साहेब लोक पेन्सिलीने नकाशे काढत. आम्ही ते खळीच्या निळसर कापडावर काळ्या शाईत उतरवून घेत असू. आमचं घर अकोल्याला. धम्म घेतला तेव्हा मी सातवीत होते, आणि मॅट्रिक होऊन टेबलखुर्चीची नोकरी धरणारी आमच्या गल्लीतली मी पहिलीच. तीही हंगामी, दर सहा महिन्यांनी पुढे ढकललेली. बाबा गिरणीतून सुटले की वाटेत भेटेल त्याला सांगत, पोरगी सरकारात आहे. त्यामुळे मी सरकारात फार जपून वागत असे.

इतर ट्रेसरांकडे धरणं होती, कालवे होते. माझ्याकडे एका तलावाची गळती होती. मेळघाटाच्या पायथ्याशी एक मातीचा बांध होता, आणि मातीचा बांध म्हटला की थोडं पाणी झिरपणारच. ते पाणी पायथ्याच्या चरात गोळा होऊन पत्र्याच्या खाचेतून खाली पडे. खाचेत पाणी किती उंच आहे ते चौकीदाराने पट्टीवर बघायचं, अकरा वाजता फोनवर मला सांगायचं, आणि मी आलेखावर ठिपका द्यायचा. माप सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. महिन्याच्या शेवटी ठिपके जोडून रेषा शाईत ओढायची आणि कापड छपाईला पाठवायचं. बस्स.

तो तलाव मी कधी पाहिला नाही. चौकीदारालाही पाहिलं नाही. खात्याची स्वतःची तार होती, परतवाड्यावरून खांबाखांबाने गेलेली. दांडी फिरवली की आधी नुसती घूं ऐकू येई, मग पलीकडून कोणीतरी खोल श्वास घेतल्यासारखं वाटे, आणि मग त्याचा आवाज. "सात सूत हाये बाई." रामराम नाही, पाऊसपाणी नाही. मी म्हणायची, सात सूत. तो म्हणायचा, हो. ठेवलं.

पण त्याच्या आवाजामागे पाणी पडत असे. चौकी खाचेला लागूनच होती, दार उघडं असणार. बारीक, एकसारखी धार. सुरुवातीला मला ती तारेची खरखर वाटली होती. पुढे पुढे आकडा कळण्याआधीच त्या धारेवरून मला अंदाज येऊ लागला, आज सहा असेल, आज आठ. मी मनात पैज लावत असे आणि बहुतेक जिंकत असे. त्या मुलखातलं मला एवढंच ठाऊक होतं, एक आवाज आणि त्यामागचं पाणी.

आमचे मुख्य ड्राफ्ट्समन पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, रेषेचा मात्र वेडा होता. सगळे ठिपके कोपऱ्याकोपऱ्याने जोडलेले त्यांना खपत नसत. लाकडी वक्रपट्टी ठेवायची आणि ठिपक्यांच्या मधून एक सलग, पाण्यासारखी रेषा न्यायची, ही त्यांची शिकवण. एखादा ठिपका फारच बाहेर गेला तर तो मोजणाऱ्याची चूक धरायचा. शाईत असेल तर ब्लेडने कापडावरून अलगद खरवडायचा आणि वर खडूची भुकटी चोळायची. "रेषेला खाच पडली की वरून खुलासा मागतात," ते म्हणत, "आणि खुलासा लिहायला मला इथे ठेवलेलं नाही." माझा हात हलका होता. मी खरवडलेली जागा भल्याभल्यांना सापडत नसे. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

चौथ्या वर्षी पाऊस चांगला झाला. तलाव चढत होता, त्याबरोबर गळती चढत होती. आठ, साडेआठ, नऊ. श्रावणात एका सकाळी तो म्हणाला, "पाच सूत."

"नीट बघितलं का?"

"पाह्यलं ना बाई. पाच."

"तलाव वर जातोय आणि गळती खाली कशी येईल? परत जाऊन बघा."

तो फोन तसाच ठेवून गेला. मी रिकामी तार कानाशी धरून बसले. आला आणि म्हणाला, "पाचच हाये."

मी ड्राफ्ट्समनसाहेबांना विचारलं. ते हसले. "गळती कमी झाली म्हणतोय? मग पेढे वाटा. अहो, पट्टी उलटी धरली असेल त्याने." त्या महिन्यात मी हौसेने ठिपके थेट शाईतच देत होते. पाचाचा ठिपका खरवडला. दुसऱ्या दिवशी आकडा आला चार. आता मला राग आला. हा माणूस माझी रेषा बिघडवतोय असं मला खरंच वाटलं. मी त्याला चांगलंच सुनावलं. डोळे आहेत की नाहीत, सरकार पगार कशाचा देतं, परवा नऊ आणि आज चार हे कोणत्या शाळेत शिकलात. त्याने ऐकून घेऊन फोन ठेवला. तोही ठिपका मी खरवडला.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "साडेनऊ सूत."

साडेनऊ अगदी रेषेत बसत होतं. मी म्हणाले, "शाब्बास. असं नीट बघत जा."  मग तो म्हणाला, "हो बाई."

त्यानंतर रेषा इतकी सुंदर आली की साहेबांनी ती दुसऱ्या ट्रेसरांना नेऊन दाखवली. साडेनऊ, पावणेदहा, दहा. वक्रपट्टीची गरजच उरली नव्हती. आणि त्याच आठवड्यात कधीतरी, फोन ठेवता ठेवता, माझ्या लक्षात आलं की त्याच्या आवाजामागे पाणी नाही.

दुसऱ्या दिवशी मी कान देऊन ऐकलं. "सव्वादहा सूत," तो म्हणाला. सव्वादहा सूत म्हणजे चांगली खळाळती धार. मागे काही नव्हतं. पाखरू नाही, पान नाही. भिंतीशी तोंड करून बोलावं तसा त्याचा आवाज येत होता. दार लावलं असेल, मी स्वतःला सांगितलं. पावसाळा आहे, लोक दारं लावतात. पण दार लावलंय का एवढं साधं विचारायला माझी जीभ उचलेना. विचारलं तर तो खरं सांगेल, याची मला भीती वाटली.

पुढे तोच थोडं थोडं बोलू लागला. आकडा देऊन झाला की थांबायचा. एकदा म्हणाला, "बाई, बेंडकं बंद झाली." मी म्हणाले, बरं. एकदा म्हणाला, "चुलीपाशी जमीन ओली लागून राह्यली. राख टाकली तं राख भिजते." मी म्हणाले, पावसाळा आहे. तो म्हणाला, "पाऊस तं चार दिवस नाई बाई." आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी आकडा सांगून म्हणाला, "ऐका."

त्याने फोनचा बोलायचा भाग दोरीच्या टोकाला खाली जमिनीपाशी नेला असावा. आधी खरड ऐकू आली. मग काही नाही. मग फार खालून, फार सावकाश, कोणीतरी तांब्याला तोंड लावून पाणी पितंय तसा आवाज. एक घोट. थांबणं. पुन्हा एक घोट. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारच्या टेबलावर चहा चालला होता. मी फोन ठेवून दिला. त्याला काही न बोलता ठेवला.

साहेबांना सांगायला मी उठले होते, हे शपथेवर सांगते. त्यांच्या टेबलापर्यंत गेले. पण सांगायचं तर पाच आणि चार सांगावे लागणार होते, आणि ते आता कापडावर नव्हते. माझ्याच हाताने नव्हते. महिन्याभरात माझी मुदत वाढायची होती. मी साहेबांकडून नवं ब्लेड मागून घेतलं आणि परत आले.

पोळ्याला त्याने आकडा तेवढा सांगितला, साडेदहा सूत. दुसऱ्या दिवशी, करीला, अकरा वाजता मी दांडी फिरवली. घूंसुद्धा नाही. पुन्हा फिरवली. विहिरीत दगड टाकावा आणि तो तळाला लागूच नये, तसं वाटलं. साहेब म्हणाले, "कर आहे, पडला असेल कुठे पिऊन. कालच्यात पाव सूत मिळवा आणि ठिपका द्या, उद्या विचारू." मी ठिपका दिला. पावणेअकरा सूत. रेषेत इतका नेमका बसला की मला बरंही वाटलं.

चार वाजता परतवाड्याहून जीप आली. बांध त्या दिवशी पहाटेच गेला होता. पाऊस नाही, वारा नाही, आभाळ निरभ्र. मधोमध तो आतल्या आत खचला आणि तलाव नाल्याने निघून गेला. गाव उंचावर होतं, ते वाचलं. खाली एकटी चौकी होती. ती राहिली नाही आणि तोही राहिला नाही. मी अकरा वाजता ठिपका दिला तेव्हा तिथे पाच तासांपासून तलावच नव्हता.

चौकशीला अकोल्याहून एक वयस्क इंजिनिअर आले. सगळ्यांना बोलावलं. त्यांनी सांगितलं ते मला तोंडपाठ आहे. तलाव भरत असताना गळती वाढली तर बघावं, पण अचानक कमी झाली तर पळावं. पाणी थांबत नसतं. खाचेत येत नाही म्हणजे त्याने बांधाच्या पोटातून दुसरी वाट धरली. "या आलेखात एक जरी उतार दिसता," ते म्हणाले, "तरी आम्ही तलाव रिकामा केला असता." त्यांनी कापड खिडकीशी उजेडात धरलं. श्रावणातल्या त्या दोन जागी उजेड जरा जास्त येत होता. मला दिसत होता. त्यांनी बोट ठेवून विचारलं, हे काय? साहेब म्हणाले, शाईचे डाग काढलेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

चौकीदाराने खोट्या नोंदी दिल्या, असा अहवाल झाला. माझी मुदत वाढली. बाबांनी अकोल्याला पेढे वाटले.

दिवाळीच्या सुमाराला त्याची बायको कुठल्याशा कागदावर अंगठा द्यायला हापिसात आली. साहेब जेवायला गेले होते, म्हणून ती माझ्या टेबलाजवळच्या बाकावर बसून राहिली. माझ्याच वयाची असेल. मी तिला पाणी दिलं. ते तिने हातात धरून ठेवलं.

"दरसाली पोळ्याले मायेरी जाऊ देत नव्हते," ती म्हणाली. "औंदा सोताच म्हने, जा, लेकरं घेऊन जा. मी म्हटलं, तुमीबी चला. तं म्हने, अकरा वाजता फोन येते."

मी शाईच्या दौतीला झाकण लावलं.

"आंदी खरं सांगत तं बाई रागवे. मंग बाईले जमन असा आकडा सांगत. शाब्बास म्हने ते बाई. लय खूश झाले होते त्या दिवशी." मग तिने इकडेतिकडे पाहिलं. "कोनती हाये हो ते बाई? मले तिले भेटाचं हाये."

"कावून?" मी विचारलं.

"भांडाले नाई. हे लोक म्हनून राह्यले का तो खोटा होता. खोटा नव्हता हे तिले एकटीलेच मालूम हाये. तिनं साहेबाले सांगतलं तं होईन."

फोनवर मी नेहमी हापिसातली भाषा बोलत असे. त्या दिवशी तोंडून घरची निघाली, आणि ती का निघाली ते मला तेव्हाही कळत होतं.

"ते बाई आता इथं नाई," मी म्हणाले. "बदली झाली तिची. अकोल्याले."

तिने पाणी पिऊन पेला खाली ठेवला, पदर सावरला, आणि अकोल्याची मोटार कुठून सुटते ते मला विचारलं. मी तिला रस्ता सांगितला.